मागच्या सालाचा हिशेब झाल्यावरच पुढचे साल: कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक व मुख्य कार्यकारी अधिकारी
आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना गेल्या आठवड्यात ईमेलने मिळाली. तीत नेहमीचे विषय आहेतच, पण त्यांखेरीज तीन विषय थेट आपल्याशी संबंधित आहेत: आपली पुढील पाच वर्षांसाठी फेरनियुक्ती, कंपनीला पुरेसा नफा झालेला नसतानाही आपल्याला ठरलेले वेतन देता यावे यासाठीचा विशेष ठराव, आणि शेअरचा भाव उतरल्यामुळे आपल्याला व काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पूर्वी दिलेले स्टॉक ऑप्शन, म्हणजे आधी ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क, आकर्षक राहिले नाहीत म्हणून त्यांची किंमत खाली आणण्याचा आणखी एक विशेष ठराव. आज जे कागद समोर आहेत त्यांवरून या तिन्ही ठरावांना विरोध करण्याचे मी आणि माझ्या ओळखीतील काही भागधारकांनी ठरवले आहे. त्याची कारणे आपल्याला आणि इतर भागधारकांना मतदानापूर्वी कळावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांच्याकडे ही सूचना आली आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही, आणि ज्यांच्याकडे ती आलेली नाही त्यांना एखाद्या दुसऱ्या कंपनीची आठवण झाली तर त्यात वावगे काही नाही.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात एकतीस वर्षे मुनीम होतो. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या पट्ट्या लिहिणे, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याचे पैसे चुकते करणे आणि खरेदीदाराकडचे येणे खतावणीत सांभाळणे हे माझे काम होते. आपल्या कंपनीचे २४० शेअर मी २०१६ साली घेतले. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. लागोपाठ पिके बुडाल्यावर पुन्हा शेतात पैसा घालण्याचा धीर मला झाला नाही, आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाने सांगितले की, बाबा, सॉफ्टवेअरला पाऊस लागत नाही. ते वाक्य मला इतके पटले की मी आयुष्यात प्रथमच डिमॅट खाते उघडले. आता आपल्या प्रत्येक तिमाहीच्या निवेदनात 'प्रतिकूल वातावरण' हे शब्द वाचतो तेव्हा मुलाला फोन करून विचारावेसे वाटते, की लागतो वाटते पाऊस.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. तोटा म्हणजे काय, हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. धंदा आहे, एखादे वर्ष मार बसतो, ग्राहक खर्च आवरते घेतात, अमेरिकेतील एखादे मोठे काम हातचे जाते, हे आम्हाला समजते. आमची तक्रार तोट्याविषयी नसून तोटा का झाला हे आपण कधीच नीट सांगत नाही, याविषयी आहे. गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल मी छापून घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत आणि गेल्या महिन्यात ते क्रमाने पुन्हा वाचले. दर वर्षी आपल्या मनोगतात एक नवा शब्द येतो. आधी डिजिटल होते, मग क्लाउड आले, मग प्लॅटफॉर्म, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. नवा शब्द आला की मागच्याविषयी चकार शब्द नसतो. क्लाउडच्या कामात किती पैसा घातला, त्यातून किती ग्राहक मिळाले, किती टिकले, हे पुढच्या अहवालात सापडत नाही. आमच्या दुकानात कोणी मागची पट्टी मिटवल्याशिवाय नवी वही उघडायला सांगितले असते, तर मालकाने त्याला चहा पाजून वाटेला लावले असते.

यातली सर्वांत जास्त खटकणारी नोंद थोडी तपशिलाने सांगतो, कारण पुष्कळ भागधारक ताळेबंदाच्या त्या पानापर्यंत पोहोचतच नाहीत. कंपनी एखादे नवे सॉफ्टवेअर उत्पादन तयार करत असते, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या अभियंत्यांचे पगार त्याच वर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात; मात्र भारतीय लेखा मानक ३८ मधील अटी पूर्ण होत असतील तर ते 'विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता' म्हणून ताळेबंदात ठेवले जातात. उत्पादन पूर्ण होण्याजोगे असावे, ते विकण्याचा किंवा वापरण्याचा इरादा आणि ऐपत असावी, त्यातून पुढे पैसा येण्याची शक्यता दाखवता यावी, अशा त्या अटी आहेत. ताळेबंदात ठेवलेला खर्च त्या वर्षीच्या नफ्याला हात लावत नाही, आणि उत्पादन वापरायोग्य होईपर्यंत त्याची झीजही धरावी लागत नाही. म्हणजे उत्पादन जितकी वर्षे 'तयार होत आहे' असे म्हणत राहावे, तितकी वर्षे त्यावरचा पगार नफ्याच्या बाहेर राहतो. यात बेकायदा काही नाही. मात्र अशा मालमत्तेचे मूल्य उरले आहे की नाही, हे दर वर्षी तपासणे बंधनकारक आहे. शिवाय कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये २०२१ पासून झालेल्या बदलामुळे ही मालमत्ता किती वर्षांपासून अशीच पडून आहे, याचा तक्ता द्यावा लागतो: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची आणि तीन वर्षांहून जुनी.

आपल्या कंपनीच्या त्या तक्त्यात शेवटचा रकाना दर वर्षी फुगत चालला आहे. ज्या उत्पादनाची घोषणा आपण नियुक्तीनंतरच्या पहिल्याच सभेत केली होती ते आजही 'विकसित होत' आहे. आमच्याकडे एखाद्या खरेदीदाराचे येणे तीन दिवाळ्या ओलांडून चौथ्या वहीत आले, तर मालक त्या नावाखाली बोट ठेवून एवढेच विचारायचे, "हे येणार आहे का?" हाच प्रश्न मी आपल्याला विचारतो. ते उत्पादन येणार असेल तर कोणत्या तिमाहीत आणि कोणत्या ग्राहकाकडे, हे सांगावे. येणार नसेल तर ती रक्कम या वर्षी नफ्यातून वजा करावी, आणि वजा केल्यावर नफा उरतो का, हे पाहून मग आपल्या वेतनाचा ठराव मांडावा.

ग्राहकांकडील येण्याचीही गत वेगळी नाही, पण त्यावर फार लिहीत नाही. काम झाले असे दाखवून उत्पन्न धरले आहे आणि बिल मात्र अजून केलेले नाही, अशी रक्कम विक्रीपेक्षा वेगाने का वाढते, एवढे लेखापरीक्षण समितीने सांगितले तरी पुरे. परदेशात विकत घेतलेल्या त्या लहान कंपनीविषयीही एकच विचारायचे आहे. घेताना 'धोरणात्मक' म्हणून जिचे कौतुक झाले आणि दोन वर्षांत जिच्यासाठी नावलौकिकापोटी मोजलेली जादा रक्कम (ख्यातिमूल्य) बुडीत म्हणून काढून टाकावी लागली, ती घेण्यापूर्वी तिची तपासणी कोणी केली होती आणि त्यांना फी किती दिली गेली?

आता वेतनाविषयी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ प्रमाणे एका व्यवस्थापकीय संचालकाचे वेतन सर्वसाधारणपणे निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व संचालकांचे मिळून ११ टक्क्यांपर्यंत असते. नफा घटला की ही मर्यादा आपोआप खाली येते, आणि तिच्या वर जायचे असेल तर भागधारकांपुढे विशेष ठराव आणावा लागतो. म्हणजे आपला हा ठराव आला आहे तोच मुळी नफा आटला म्हणून. त्यासोबतच्या स्पष्टीकरणात 'उद्योगातील प्रचलित वेतनमान' आणि 'अनुभवी नेतृत्व टिकवून ठेवण्याची गरज' अशी कारणे दिली आहेत. आपल्या कारकिर्दीत शेअरचा भाव कुठून कुठे आला, याविषयी त्यात एक ओळही नाही.

आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. मालक आणि गडी ओसरीवर समोरासमोर बसतात, गावातला एखादा जाणता माणूस मध्ये असतो, आणि आधी मागच्या सालाचा हिशेब होतो: उचल किती घेतली, खाडे किती पडले, दुखण्याबाण्याचे किती धरायचे आणि किती सोडायचे, ज्वारी किती दिली. तो मिटल्याशिवाय पुढच्या सालाचा आकडा कोणी तोंडातून काढत नाही. पीक बुडाले म्हणून चांगला मालक गड्याचे ठरलेले पैसे कापत नाही, हेही खरे आहे; पाऊस काही गड्याच्या हातात नसतो. पण पीक बुडाल्यावर मागचा हिशेब न करताच वाढीव साल मागितलेले मी कधी पाहिले नाही. सालगड्याच्या कष्टाशी कोणाच्या वेतनाची तुलना करताना मला संकोच वाटतो, आणि तो आपल्यामुळे नव्हे, सालगड्यामुळे.

स्टॉक ऑप्शनचा ठराव तर मला तीनदा वाचावा लागला. भाव वाढला तर अधिकाऱ्याचाही फायदा व्हावा आणि पडला तर त्यालाही झळ बसावी, यासाठीच ते दिले जातात, असे पहिल्या वर्षी आपणच सभेत सांगितले होते. सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार, भाव उतरल्यामुळे न वापरलेले ऑप्शन निरुपयोगी झाले असतील, तर भागधारकांच्या विशेष ठरावाने त्यांची किंमत नव्याने ठरवता येते, हे मला मान्य आहे. परंतु नियम परवानगी देतो म्हणून भागधारकांनी होकार दिलाच पाहिजे असे नाही. माझ्या २४० शेअरची खरेदी-किंमत कोणी खाली आणून देणार नाही. ज्या उतरलेल्या भावाने माझी बचत अर्ध्याहून कमी झाली, त्याच भावाचे कारण देऊन आपल्याला सवलत मागितली जाते, याला आमच्या भाषेत जे शब्द आहेत ते मी औपचारिक पत्रात लिहू शकत नाही.

आमच्या गल्लीतील एक मुलगी नांदेडला अभियांत्रिकी शिकून पुण्यात हिंजवडीला आपल्याच कंपनीत लागली होती. तिने कंपनीतील गुप्त असे काही मला सांगितलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण त्याविषयीचे नियम मला ठाऊक आहेत. तिने तिच्या पगाराचे तेवढे सांगितले. पगाराचा जो भाग कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून होता तो तिला दोन वर्षे मिळाला नाही, नंतर चार महिने बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवले आणि मग राजीनामा द्यायला सांगितले. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या वडिलांनी मला विचारले, "कंपनीची कामगिरी वाईट म्हणून पोरीचा पैसा गेला, तर साहेबाचाही गेला असेल ना?" मी त्यांना अहवालातील ते पान दाखवले, जिथे संचालकांचे वेतन आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर कायद्याने छापावे लागते. ते सोसायटीत सचिव होते, आकडे वाचता येतात त्यांना. त्यांनी पान मिटून ठेवले आणि बोलणे पावसावर नेले.

गेल्या वर्षीची सभा आपण ३० सप्टेंबरला घेतली. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा घ्यावी लागते, त्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. लातूरकरांना ती तारीख वेगळ्या कारणाने आठवते. १९९३ च्या त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दर वर्षी त्या दिवशी सकाळी मी घरीच असतो, म्हणून सभेला हजर राहता आले. वक्ता म्हणून आठवडाभर आधी नाव नोंदवले होते आणि माझा क्रमांक तेविसावा होता. मोबाइल स्वयंपाकघरातील तांदळाच्या डब्याला टेकवून, प्रश्न वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून, मी दीड तास बसलो. माझ्या आधीच्या वक्त्यांपैकी बरेच जण आपले अभिनंदन करत होते आणि सभा पुन्हा मुंबईत प्रत्यक्ष भरवावी, अशी विनंती करत होते. माझी पाळी आली. मी अमूर्त मालमत्तेचे पान क्रमांकासह सांगितले, आणि प्रश्नाचे पहिले वाक्य संपण्याच्या आत माझा आवाज बंद करण्यात आला. दोन मिनिटे झाली, असे सांगण्यात आले. घरातल्या घड्याळात सव्वा मिनिट झाले होते. उत्तर ईमेलने कळवू, असे आश्वासन मिळाले. ते ईमेल अद्याप आलेले नाही. मी कंपनी सचिवांना दोनदा आठवण केली, तेव्हा आपल्या सूचनेची नोंद घेतल्याचे आपोआप जाणारे उत्तर दोन्ही वेळा तत्परतेने आले.

मी आपल्यावर अफरातफरीचा आरोप करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा संशयही नाही. पण सॉफ्टवेअर कंपनीच्या भागधारकाने न विचारता विश्वास ठेवावा, हे दिवस ७ जानेवारी २००९ ला संपले. त्या दिवशी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्याच्या तीनच आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ रोजी, सत्यमच्या संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या घेण्याचे जाहीर केले होते आणि भागधारकांच्या संतापामुळे काही तासांत तो निर्णय मागे घेतला होता. त्या मंडळावर नामांकित स्वतंत्र संचालक होते. म्हणून आपल्या मंडळावरील स्वतंत्र संचालकांनाही हे पत्र उद्देशून आहे. वेतन ठरवणाऱ्या समितीत आपण बसता. त्या बैठकीत उलट प्रश्न कोणी विचारला का, एवढे तरी सभेत सांगावे.

थोडा दोष आमचाही आहे. ई-मतदानाचे ईमेल आले की आम्ही ते लग्नपत्रिकेसारखे पाहतो आणि बाजूला ठेवतो. आपले मत किती, असे मीही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. मात्र विशेष ठराव मंजूर होण्यासाठी बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात, आणि ही मोजणी एकूण शेअरवर नव्हे, तर प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर होते. म्हणजे पडलेल्या मतांपैकी पावहिश्शाहून जास्त मते विरोधात गेली तर ठराव पडतो. प्रवर्तकांचा हिस्सा पूर्वीइतका राहिलेला नसताना हा पावहिस्सा गाठणे पूर्वी वाटत होते तितके अशक्य नाही. म्युच्युअल फंडांनीही आपले मत कोणत्या बाजूने दिले आणि का दिले, हे जाहीर करायचे असते. ज्यांचे पैसे फंडामार्फत या कंपनीत आहेत त्यांनी ते पाहावे.

कंपनी कायद्याच्या कलम १५१ आणि त्याखालील नियमांत आणखी एक तरतूद आहे. ज्यांच्याकडे २०,००० रुपयांपर्यंत दर्शनी मूल्याचे शेअर आहेत अशा लहान भागधारकांपैकी एक हजार जणांनी, किंवा अशा भागधारकांच्या एक दशांशाने, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, सभेच्या किमान चौदा दिवस आधी सह्यांची सूचना देऊन आपल्यातील एक संचालक सुचवण्याची ती तरतूद आहे. येथे बाजारभाव नव्हे, दर्शनी मूल्य मोजले जाते, त्यामुळे आमच्यासारखे जवळपास सर्वच त्यात बसतात. रविवारी यार्ड बंद असते, तेव्हा माझ्या जुन्या मालकांच्या दुकानात आम्ही काही जण बसतो. अशा सूचनेवर सही करायला तयार असलेल्यांच्या यादीत आजपर्यंत लातूर, उदगीर, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथील मिळून एक्केचाळीस नावे झाली आहेत. या वर्षी ती हजारावर जाणार नाही, हे मला कळते. पुढच्या वर्षीच्या सभेलाही लोक असतीलच.

आपल्याकडून मागणे मोठे नाही. त्या न संपलेल्या उत्पादनाची सद्यःस्थिती, परदेशी कंपनीच्या खरेदीचा हिशेब आणि पाच वर्षांपूर्वी आपण जाहीर केलेली उद्दिष्टे व प्रत्यक्षात काय झाले, हे समोरासमोर मांडणारे एक पान, एवढे सभेच्या आधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवावे. मला एकट्याला खासगी ईमेल नको. चुका झाल्या असतील तर झाल्या म्हणून लिहाव्यात; येथे कोणी दगड घेऊन उभे नाही. स्टॉक ऑप्शनचा ठराव मागे घ्यावा, आणि वेतनाचा निश्चित भाग कमी करून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वाढवावा. त्या मुलीच्या पगारात हेच तत्त्व लावले होते.

एकदा दिलेले ई-मत बदलता येत नाही. म्हणून आम्ही एक्केचाळीस जणांनी मत शेवटच्या दिवशी द्यायचे ठरवले आहे. मतदान सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आपले पान आले, तर ते वाचून मग बटण दाबू.

कळावे,
आपला,
२४० शेअरचा एक धारक
लातूर